गळ्याचा मूळपट

आत्माराम तारी तपासणीच्या खुर्चीत सहाव्यांदा बसला, तेव्हा डॉ. वैजयंती केळुसकरांना त्याच्या दुखण्यापेक्षा त्याचाच संशय जास्त होता. सहा वर्षं हा खलाशी एकच गाऱ्हाणं सांगत होता: गिळताना घशात काहीतरी टोचतं. भेदयंत्र दर वेळी सांगे, काही नाही. शेवटी त्याच्या सागरी दाखल्यावर ‘मानसिक’ असा शेरा पडला आणि मासेमारीच्या बोटींनी त्याला घेणं बंद केलं.

“नाटक आहे,” तंत्रज्ञ निनाद वाघधरे हळूच म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी बंदरावरच्या शिबिरात त्याच्या गळ्याचा मूळपट, म्हणजे पहिलं चित्र, मीच घेतला होता. यंत्र आजच्या गळ्यातून तो मूळपट वजा करतं. टणक काही उरलं, तर ते परकं. काटा असो, नाणं असो, लपणार कुठे?”

“आणि ही घशातली सूज?” केळुसकरबाईंनी विचारलं.

“काडी घालून टोचलं असेल.”

शक्य होतं. पण आज श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो काही नाटकात जमत नाही. पडद्यावर फरक लाल उमटे; सूजही लाल होती, पण मऊ मांस म्हणून यंत्र तिला परकं म्हणत नव्हतं. तिच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी जागा मात्र कोरी होती. बाईंना ते खटकलं.

“वाघधरे, कोरं म्हणजे फरक शून्य. जिवंत मांस सहा वर्षांत थोडं तरी बदलतंच. तेवढंच कसं जसंच्या तसं राहिलं?”

“यंत्राची संमती नसताना कापणार?” वाघधऱ्यांचा आवाज चढला. जरा जास्तच चढला, आणि बाईंचा संशय खुर्चीवरून उठून त्यांच्याकडे गेला.

आत्माराम कसाबसा बोलला, “बाई, मी सांगतंय तां खोटां नाय.”

बाईंनी घसा बधिर केला, दुर्बिणीतून छोटी चीर दिली आणि चिमट्यानं एक पारदर्शक टोपी बाहेर काढली. मूळपट घेणाऱ्या नळीच्या टोकाची टोपी.

वाघधरे भिंतीकडे बघत म्हणाले, “नळी आत जाताना टोपी निसटली असणार. चित्र निघतं ते नळी बाहेर येताना. त्या दिवशी एक टोपी कमी भरली होती. पण पुढे यंत्रच ‘काही नाही’ म्हणत गेलं, मलाही ते खरं वाटायला लागलं.”

म्हणजे यंत्राच्या लेखी ती टोपी आत्मारामच्या गळ्याचाच भाग होती. बाईंना वाघधऱ्यांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, कारण ‘मानसिक’ शेऱ्याखाली सही त्यांचीच होती.

“आता माका बोटीर जावक गावतला मां?” आत्मारामनं विचारलं.

“जखम भरली की दाखला देते.”

महिन्याभरानं जखम भरली, श्वास मोकळा झाला. दाखला यंत्रातूनच निघायचा, आणि मूळपट माणसाच्या आयुष्यात एकदाच घेण्याचा नियम होता. बाईंनी तपासणी सुरू केली. कोऱ्या जागेवर आता तुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. खाली अक्षरं उमटली: मूळपटाशी फरक. परकी वस्तू आढळली. दाखला नामंजूर.

आत्मारामनं ते दोनदा वाचलं.

“मगे, बाई,” तो म्हणाला, “ती टोपी परत घालतल्यात?”