टिकटिक

"कुणाचं तरी घड्याळ वाजतंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि तिने ओढणी छातीशी घट्ट धरली.

एका हृदयरोग रुग्णालयाला पेशंटसाठी माहिती रेकॉर्ड करून हवी होती. मीठ कमी खा, रोज चाला, सिगारेट सोडा... तिथल्या डॉक्टरीणबाई तिला लहानपणापासून ओळखत, त्यांनीच तिचा आवाज सुचवला होता. तिनेही हौसेने हो म्हटलं. पण छातीतली धातूची झडप एरवी गोंगाटात लपते, ती या आवाजबंद खोलीत लपणार नाही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं!

रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्याने स्वतःचं घड्याळ बाहेर ठेवलं, भिंतीवरचं उतरवलं, दुसऱ्या दिवशी टेबल बदललं. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून त्याने दिव्यांना कान लावले. ती ओठ दाबून हसत होती. हसता हसता तिला तो आवडायलाही लागला होता आणि तिथेच सगळी पंचाईत होती.

"तुम्ही आलात की सुरू होते, गेलात की बंद," तो वैतागून म्हणाला.

"म्हणजे माझाच पायगुण म्हणा!"

"पायगुण चांगलाय हो... टिकटिक वाईट."

ती सांगणार तरी कशी? मागच्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न याच टिकटिकीवरून मोडलं होतं. "पोरगी गुणाची आहे, पण हे दुखणं गळ्यात कोण बांधून घेणार?" मुलाची आई म्हणाली होती, आणि मुलगा गप्प बसला होता. त्याचं ते गप्प बसणं तिला अजून सलत होतं.

शेवटच्या दिवशी एका वाक्यावर तिचं गाडं अडलं. "झडप बदलल्यावर माणूस इतरांसारखंच आयुष्य..." पुन्हा. पुन्हा तेच. शेवटी तो माईक सारखा करायला आत आला. तिच्याजवळ वाकला... आणि तसाच थबकला.

"ही आता भराभर वाजतेय," तो हळूच म्हणाला. "घड्याळ असं नाही करत."

"घड्याळ नाहीच ते," ती म्हणाली. "मी आहे. माझी झडप. जवळ आलात म्हणून..."

तो गप्प. अगदी तसाच गप्प! तिने पर्स उचलली. डोळ्यांत पाणी यायच्या आत दार गाठायचं होतं.

"थांबा ना! लाज वाटली म्हणून गप्प बसलो. इतके दिवस मी तुमच्या हृदयावर खेकसत होतो."

तिला हसू आलं, रडूही. पण आता आडपडदा नको होता. "सगळं ऐकून घ्या. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर. सारख्या रक्ततपासण्या. मूल होऊ द्यायचं तर मोठी जोखीम. नंतर आईला पुढे करायचं असेल, तर आत्ताच करा."

तो स्टुलावर बसला. 

"भीती वाटते मला. तुला काही झालं तर, ही भीती. खोटं कशाला बोलू? पण तू यायच्या आधी मला कुणासाठीच भीती वाटत नव्हती... आणि ते काही फार सुखाचं नव्हतं."

तो 'तू' कधी म्हणाला ते त्याला कळलंही नाही. तिला कळलं. छातीत नुसती धांदल उडाली होती आणि पहिल्यांदाच तिला ती लपवावीशी वाटली नाही.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी रक्ततपासणीला जायचंय. सुई टोचताना मी कुणाचा तरी हात दाबते. चांगला जोरात. येशील?"

"कुठला देऊ?" त्याने दोन्ही हात पुढे केले.