कमी पडलेली सुपारी

मलकापूर स्टेशनामागच्या चिमुकल्या चिनी देवळाचं कुलूप शाबूत होतं. आतली देवी मात्र गायब!

"आमच्या आजानं समुद्रावरून आणली होती," दातांचे डॉक्टर लीबाबा म्हणाले. माणूस चिनी, पण जन्म मलकापुरातला अन् बोली अस्सल वऱ्हाडी. चीनच्या लढाईत सरकारनं त्यांना छावणीत नेलं, ते दीड वर्षानं कालच सुटून आले. "सांजच्या गाडीनं लेकीकडे कलकत्त्याले चाललो, कायमचा. तिले घेतल्याबिगर कसा जाऊ?"

खासगी गुप्तहेर शेषराव कुलूप न्याहाळू लागले. त्यांचे मित्र भगवानराव, मन मोठं पण डोकं जरा सावकाश, मागच्या विहिरीवर साती आसरांना, म्हणजे पाण्याच्या देवींच्या शेंदरी दगडांना, सुपाऱ्या वाहून चरफडत परतले.

"लेकाच्या वाण्यानं फसवलं! सात मागितल्या होत्या, तरी एका आसरेले उरलीच नाही."

शेजारच्या माणिकराव सरकीवाल्यांचा गोदामासाठी देवळावर डोळा होता. ते उखडले, "लढाईत पोट्टे दगडं घेऊन आलते. त्यायनंच फोडली असंल. मी काऊन हात लावू?"

किल्ली झाडलोट करणाऱ्या जनकाबाईंकडे असे. "मले नाही माहीत," म्हणत त्यांनी शेंदरानं रंगलेली नखं पदराखाली घेतली.

शेषरावांनी सगळ्यांना विहिरीवर नेलं.

"बाहेरच्यांनी नेली असती, तर कुलूप तुटलं असतं. म्हणजे किल्ली लावूनच नेली. जनकाबाईंच्या नखांत शेंदूर आहे. आणि भगवानराव, वाणी बिचारा प्रामाणिक आहे हो! आसरा सातच असतात. इथल्या मोजा."

आठ निघाल्या. भगवानराव ओशाळले.

जनकाबाईंना रडू फुटलं. "आसरेले कोनी दगड मारत नाही बाबा, म्हून इथं बसवली, शेंदूर फासला. तुमी आले कळलं तशी घासायले बसली, त निघतच नाही. तुमाले काय दाखवू?"

लीबाबा वाकले. देवीचे नाक-डोळे शेंदरात पार बुजले होते. तेवढ्यात एक बाई आली. तिनं काखेतलं तान्हं आधी त्या आठवीच्या पायावर घातलं. "इच्याच नवसाचं हाये," ती कौतुकानं म्हणाली.

लीबाबांनी देवीकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "राहू द्या तिले. मले गावानं ठेवलं नाही, तिले त ठेवलं."

देवी सापडूनही लीबाबा रिकाम्या हातानंच जाणार होते. हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं शेषरावांना पहिल्यांदाच वाटलं.

भगवानराव धावतपळत सुपारी घेऊन आले. "बाबा, तुमच्याच हातानं ठेवा." लीबाबांनी ती ठेवली आणि ते चिनीत देवीशी काही बोलले. ते कुणालाच कळलं नाही.

अख्ख्या मलकापुराच्या दाढा या माणसानं काढल्या. पण सांजेला गाडीवर पोचवायला जनकाबाई, शेषराव अन् भगवानराव, एवढेच! भगवानरावांना गावाची फार लाज वाटली.