टाळूवरचं तेल

प्रयोगशाळेच्या टेबलावर बाळाची गादी पडली होती. मधोमध खळगा, त्यात मधासारखा चिकट पाक.

"हा खळगा बाळाच्या डोक्याएवढाच आहे," डॉ. केळुसकर म्हणाले.

शाल्मलीने वाकून वास घेतला. हा विघटनशील फोम तिनेच घडवला होता. खनिज तेलाऐवजी एरंडेलाच्या रेणूंच्या साखळ्यांनी विणलेला. विणीत झोपवलेलं किण्व, म्हणजे विघटन करणारं एन्झाइम, होतं. गादी जुनी झाली की वर कच्चं एरंडेल शिंपडायचं. किण्व जागं होतं, वीण उसवतं आणि गादीचा पाक होतो.

"दूध, घाम, शू, सगळं तपासलं आपण," ती म्हणाली. "आणि एरंडेल घरात असतं कुणाच्या? चार हजार आयांना विचारलं. एकीनेही हो म्हटलं नाही."

केळुसकर खळग्याकडे बघत राहिले. "आपण आयांनाच विचारलं, शाल्मली."

तिची चार महिन्यांची ओवी घरी तसल्याच गादीवर निजली होती, सासूबाईंजवळ. टाळूला तेल लावायचं नाही, असं शाल्मलीने पहिल्याच आठवड्यात निक्षून सांगितलं होतं. तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, ओवीला तेल लावता का हो?"

"छे गं. तू नको म्हणालीस ना."

"आई, मी रागावणार नाही. खरं सांगा."

मग हळूच, "थेंबभर एरंडेल घालते. तू ऑफिसला गेलीस की. टाळू भरायला नको का?"

"तिला उचला. आधी उचला."

पावलं, कुरकुर, आणि मग ओवीचं रडणं.

"गादी चिकट लागतेय गं," सासूबाई म्हणत होत्या. "नाक बुडायचंच राहिलं होतं पोरीचं."

चाळीस हजार गाद्या घरोघरी गेल्या होत्या. गादी लगेच काढा, एरंडेल लागलं तर ती विरघळते, असा संदेश शाल्मलीने स्वतः लिहून सगळ्यांना पाठवला. नोंदणीत होते ते फोन नंबर आयांचेच. दुपारचे अडीच वाजले होते. आया कामावर, बाळं आज्यांपाशी.

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. 'आमच्याकडे तेल लावत नाहीत. मग काळजी नाही ना?'

तिने घाईने लिहायला घेतलं, तोवर दुसरं आलं. आमच्याकडे तेल लावत नाहीत. मग तिसरं. मग पडदा भरून तेच.