बर्फाच्या कारखान्यातली तिसरी डिस्क

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या, जुनरीच्या बाबतीत घडलेली आहे.

फिलिपिन्समधल्या आमच्या जनरल सँटोस शहराच्या मासळी बंदरामागचा बर्फाचा कारखाना. गुड फ्रायडेनंतरचा शनिवार.

रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

त्या दिवशी आमच्याकडे देव मेलेला असतो. रविवारी तो उठेपर्यंत भुताखेतांना कुणाचा धाक नसतो.

जुनरी कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. कॅमेऱ्यांचं चित्रण एकाच वेळी दोन डिस्कवर उतरायचं. एकीवर जे, तेच दुसरीवर. उद्या आग लागली तर? म्हणून तिसरी डिस्क त्याच्या घरी. दर शनिवारी मशीनमधली एक काढून घरी न्यायची आणि घरची तिथे लावायची. मग तिच्यावरचं जुनं पुसून मशीन नवं उतरवायचं.

आदल्या आठवड्यात म्हातारा सेल्सो बर्फ फोडायच्या यंत्रात गेला. कमरेपर्यंत चिरडला.

पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. पण मालकाच्या पुतण्यानं, रोमनिकनं त्याला ढकललं होतं. जुनरीनं ते चित्रण पाहिलं होतं. मालकानं पुसायला लावलं, त्यानं पुसलं. दोन्ही डिस्कवरून एकदमच गेलं.

घरच्या डिस्कवर मात्र ते होतं. ती पुसण्याआधीच घरी आली होती.

"ती नेऊ नकोस," मेरिफ्लोर, माझी बहीण, म्हणाली. "सेल्सोच्या बायकोला काय तोंड दाखवशील?"

"आणि नोकरी गेली तर तुला काय खायला घालू?"

तो डिस्क घेऊन गेला.

सुट्टीमुळे कारखान्यात रोमनिक एकटाच होता. यंत्रं बंद.

"काय दोंग, पोरा, आजही तुझी खेळणी बदलायचीत?" तो आंबा खात हसला.

जुनरी वर गेला. एक डिस्क काढली, घरची लावली. काम सुरू झालं.

मग त्याच्या लक्षात आलं...

उलटं चाललं होतं. घरची डिस्क पुसली जात नव्हती. तिच्यावरचं जुनंच मशीनमधल्या डिस्कवर चढत होतं.

त्यानं वायर उपटली.

काम थांबलं नाही.

पडद्यावर खालचं चित्र दिसत होतं. आंबा खाणारा रोमनिक. आणि त्याच्या मागे...

सेल्सो.

कमरेच्या वर अख्खा. खाली काहीच नाही. हातात बर्फाच्या लाद्या ओढायचा आकडा.

जुनरीनं फोन लावला. "रोमनिक, बाहेर पळ! मागे बघू नकोस!"

"चढलीय का रे तुला?"

आणि तो मागे वळला.

फोनमधून किंचाळी आली. मग यंत्राची घरघर... बंद केलेल्या यंत्राची.

जुनरी जिना उतरेपर्यंत आकडा रोमनिकच्या जबड्यातून आरपार गेला होता. कुणीतरी ओढत होतं. ओढणारं कुणी दिसत नव्हतं. पाय आत गेले. मांड्या गेल्या. हाडं बर्फासारखी कडाकडा फुटली. जुनरीनं त्याचा हात धरला, सगळा जोर लावला.

हात त्याच्याकडेच राहिला. उरलेलं आत गेलं.

पांढरा बर्फ लालभडक होऊन खाली पडत राहिला...

पोलिसांनी चित्रण पाहिलं. रोमनिक एकटाच दिसतो. स्वतःच चालत यंत्रात जातो.

त्या दुपारी काढलेली डिस्क जुनरीच्या पिशवीत तशीच राहिली होती. हे सगळं घडण्याआधीच ती मशीनमधून निघाली होती. त्यानं ती घरी लावून पाहिली.

तिच्यावर फक्त एक चित्रण होतं.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचं. तिथे कॅमेरा नाही.

जुनरी भात खात बसलाय. डावा हात प्लास्टरमध्ये. आणि चुलीजवळ, जमिनीपासून वर तरंगणारं अर्धं माणूस...

जुनरीचे दोन्ही हात तेव्हा धडधाकट होते. डिस्क त्यानं समुद्रात फेकली. घर बदललं. मला वाटलं, सुटला.

काल मेरिफ्लोरचा फोन आला. जुनरी मोटारसायकलवरून पडला म्हणे. फार लागलं नाही.

मी विचारलं, "कुठला हात?"

ती रडायला लागली.