बरणीचा तळ

बरणी फुटली होती आणि तिचा तळ गायब होता.

वहिनी गुडघ्यांवर बसून काचा न्याहाळत होत्या. खासगी तपास हा त्यांचा पंधरा वर्षांचा व्यवसाय. सोबत त्यांचे दीर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मास्तरांच्या मते तपासायला काही उरलंच नव्हतं.

"कामवाल्या मावशींनी पुसताना पाडली, आणि तळ विकायला नेला. मी तोंडावर सांगितलं त्यांना. भर जिन्यात."

"त्या काय म्हणाल्या?"

"'हात लावला नाही' म्हणाल्या. चोराच्या उलट्या बोंबा!"

वहिनींनी एका तुकड्यावरून बोट फिरवलं. काच स्वच्छ होती. काचेचं झाकण मात्र टेबलावर अख्खं होतं.

घर दातांच्या डॉक्टरांचं. आयुष्यभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः जमवल्या गोळ्यांच्या जुन्या बरण्या! डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते दोन दिवस दवाखान्यात होते. आज दहा वाजता मास्तरांनीच त्यांना घरी आणलं, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला.

"माझ्या सगळ्या बरण्यांच्या तळाला चांदणी आहे," डोळ्याला पट्टी बांधलेले डॉक्टर आतल्या खोलीतून म्हणाले. "वडिलांच्या कारखान्याची खूण. बरणीचा हा घाट त्यांनीच घडवला, असं माझ्या छापायला दिलेल्या पुस्तकात लिहिलंय. ही बरणी सगळ्यांत जुनी. तिच्या तळावर काय आहे ते बघायचं राहून गेलं हो!"

ती विकणारा जुन्या वस्तूंचा दुकानदार हजर होता. "कसं दिसणार? गोळ्या वितळून आतबाहेर दगड झाला होता. मी म्हटलं होतं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, तरच निघेल. परवा दिली, त्यानंतर मी इकडे फिरकलो नाही."

मावशी खालच्या मजल्यावर काम करत होत्या. त्यांनी वर यायला नकार दिला. वहिनीच खाली गेल्या. "आठला येते, नऊला जाते," मावशी एवढंच बोलल्या. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरांची थोरली बहीण अक्का स्वयंपाकघरात होती. घरात दोघंच भावंडं.

"मावशी गेल्यावर साडेनऊला मला काचा दिसल्या," अक्का म्हणाल्या. "फुटली ती फुटली. एका माशापायी घर कशाला डोक्यावर घ्यायचं?"

वहिनींनी मान डोलावली आणि सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

"पुसताना बरणी निसटली असती, तर झाकणही फुटलं असतं. ते आधी काढून ठेवलं होतं. बरणीला साखरेचा थर होता, पण काचा स्वच्छ आहेत. म्हणजे आधी ती धुतली. त्या थराला रात्रभर भिजायला हवं. मावशी येतात तासभर. रात्री घरात एकच माणूस होतं." वहिनी थांबल्या. "आणि डॉक्टरांच्या सगळ्या बरण्यांवर चांदणी आहे. या बरणीवर मासा आहे, हे तळ न बघता कुणाला कळणार, अक्का?"

अक्का उठल्या, आतून रुमालात गुंडाळलेला तळ घेऊन आल्या आणि भावाच्या हातात ठेवला. डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं. मासाच होता.

"तू घरी येईपर्यंत लख्ख करून ठेवावी म्हणून भिजत घातली रे. सकाळी मासा वर आला." अक्का भावाजवळ टेकल्या. "तो बाबांच्या भागीदाराचा. घाट त्याचा होता. बाबांनी त्याला हाकललं आणि साच्यांवरचे मासे घासून काढले. मी दहा वर्षांची होते, दारात उभी राहून बघत होते. 'बोलायचं नाही' म्हणाले. नाही बोलले. तुझ्या पुस्तकात बाबा देव झालेत. मला सुचेना, आपटली. तळ तेवढा फुटला नाही."

"आणि मावशींना बोललो तेव्हा?" मास्तरांनी विचारलं.

"तेव्हाही नाही बोलले."

डॉक्टरांनी तळ उशाशी ठेवला. मग म्हणाले, "अक्का, त्याचं नाव काय होतं? पुस्तक थांबवायला सांगतो मी."

मास्तरांना तिथे उभं राहवेना. अक्का घाबरून गप्प बसल्या. आपण तर पुरावा नसताना बोललो, तेही मोठ्यानं. ते जिना उतरले. मावशी पिशवी घेऊन निघाल्या होत्या.

"चुकलं माझं, मावशी. तुम्ही काही केलं नव्हतं."

"ते मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "तुमचं ऐकून खालच्या दोन घरांनी आत्ताच मला काढलं. माफी मला कशाला सांगता? त्यांना सांगा."

"आणि डॉक्टरांकडे याल ना उद्या?"

"बघीन."

त्या थांबल्या नाहीत. शाळेत मुलांना माफी मागायला लावायचे, तेव्हा ते किती सोपं वाटायचं! त्यांनी पहिल्या दाराची घंटा वाजवली, आणि दार उघडताच, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली.