रिकामे असताना काका कसे बसत

गोपिकेला वाटलं होतं, अमेरिकेतून कॉम्प्युटर घेऊन आल्यावर आपल्याभोवती पोरांचा गराडा पडेल. आपली पोरं किती दिवस पडद्यावर दुसऱ्यांची विमानं पाडत बसणार? ती कॉम्प्युटरवर नागपूरच्या माणसाचा खेळ करणार होती. त्यात बाजारातून चालणारा, पिशवी सावरणारा, भाव करणारा माणूस असणार होता. प्रत्यक्षात हुडकेश्वरला काकांच्या घरात तिच्याभोवती जमली ती धूळ. मे महिना होता. वीज हवी तेव्हा जायची आणि नको तेव्हा यायची. कूलर लावावा तर खोली दमट होऊन फ्लॉपी खराब होत, न लावावा तर मशीन तापून बंद पडे.

मशीन पुन्हा सुरू केलं की पडद्यावर हिरव्या रेघांचा माणूस उभा राही, पाय सरळ आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरलेले. त्याला लिहून दिलेल्या हालचाली त्यानंतर सुरू होत. सांध्यांचा हिशेब सोपा जातो म्हणून तिकडे अमेरिकेत सगळे सुरुवात अशाच उभ्या माणसापासून करत. गोपिकेनंही तसंच केलं होतं.

या माणसासाठी मापं दिली होती चंपतकाकांनी. आईबापामागं तिला त्यांनीच वाढवलं होतं. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि थट्टेशिवाय त्यांना वाक्य येत नसे. दोन्ही हात पसरून ते उभे राहिले, तिनं टेप लावला.

"सदरा शिवून राहिली का वं माह्यासाठी?"

"हलू नका, काका."

"खिसा मोठा ठेवजो."

पहिल्यांदा घडलं ते एका दुपारी. वीज आली, तिनं वर माडीवर मशीन लावलं आणि खाली स्टीलचा गडवा पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहते तो काका ओल्या फरशीवर हात पसरून उभे. क्षणभरानं हात खाली आले.

"मी नाई केलं वं हे," ते म्हणाले.

"एकदा चिडवलंत तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग सक्करदऱ्याजवळ स्कूटरच्या हँडलवरून त्यांचे हात सुटले आणि ते पडले. कौशल्याकाकू गुडघ्याला हळद लावत होती आणि गोपिका दारात उभी राहून चिडत होती. आधी विजेनं छळायचं, मग धुळीनं, आता घरच्यांनी. निदान काकांनी तरी आपल्या कामाचं हसं करू नये.

"यायले काहून बोलतं वं?" काकू म्हणाली. "पडायची हौस असते का कोनाले?"

शेवटी तिनं खात्रीच करून घ्यायची ठरवली. काका जेवून झोपले होते. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, झाडावरचा कावळासुद्धा गप्प होता. तिनं मशीन लावलं. हिरवा माणूस उभा राहिला. पुढच्या हालचाली तिनं थांबवून ठेवल्या. ती अनवाणी पायांनी जिना उतरली.

खोलीत ओल्या वाळ्याचा वास होता. कूलरमधून पाणी ठिबकत होतं. काका खाटेवर उताणे घोरत होते. त्यांचे हात दोन्ही बाजूंनी खाटेबाहेर, अधांतरी पसरले होते. मनगट लोंबत नव्हतं, बोटं सरळ होती. झोपलेला माणूस थट्टा करत नाही.

तिनं एक हात धरून खाली ओढला. तो हलला नाही. घोरणं तसंच चालू राहिलं.

ती धावत वर गेली आणि मशीन बंद केलं. पण या वेळी हात खाली आलेच नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर येऊन शीर आखडली म्हणाले आणि सुई टोचून गेले. काका दारातून अंग तिरपं करून जात होते. काकूनं त्यांना घास भरवला. दोन घासांनंतर त्यांनी मान वळवली.

"गोपिका... मले आता भेव वाटून राहिलं."

त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. गोपिकेला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"पुसून टाक तो माणूस," गोपिकेनं मशीनचं सगळं सांगितल्यावर काकू म्हणाली.

"आणि पुसल्यावर काकांचं काय होईल?"

गोपिकेनं वर जाऊन माणसाला चालवलं. खाली काकांची पावलं वाजू लागली, एकसारखी, आणि काकू ओरडून म्हणाली की हात हलले. चालणं संपलं, आणि हात पुन्हा वर गेले. तेव्हा गोपिकेला कळलं. काका लिहिलेलं तेवढं करतील आणि करून झालं की सुरुवातीच्या जागी परत येतील. म्हणजे बदलायची ती सुरुवातच.

सकाळी तिनं काकूला जवळ बसवलं. "काका काहीच करत नसतात, तेव्हा कसे बसतात?"

"कसे म्हणजे? बसतात."

"डोळे मिटा. नीट आठवा."

काकूनं डोळे मिटले. "ओसरीवर... एक पाय दुमडून. डावा गुडघा उभा, त्यावर कोपर. मान जराशी कलती. अन् अंगठा बोटांवर फिरत राहते... जसं काई मोजून राहिले."

गोपिकेनं तसं लिहिलं. अंगठासुद्धा. मशीन पुन्हा लावलं, हिरवा माणूस खाली बसला. ती आणि काकू जिना उतरल्या.

काका ओसरीवर बसले होते. डावा गुडघा उभा, त्यावर कोपर. हात खाली होते. गोपिकेला रडूच आलं. काकू लगबगीनं पुढे झाली आणि उंबऱ्याशी थांबली. मग तिनं हळूच पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला. काकांसमोर असा पदर घेताना गोपिकेनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं, काकू?"

"हे मामंजीचं बसणं हाय वं..." काकू कुजबुजली. "मी नवी सून आली तवा ते असे बसत. मले तेच आठवलं... हे कसे बसतात, ते मी कधी पाह्यलंच नाई."

मामंजी म्हणजे काकांचे वडील. गोपिकेच्या जन्माआधीच गेलेले.

ओसरीवरचा अंगठा बोटांवर फिरत होता. कलती मान किंचित वळली आणि नजर काकूवर येऊन थांबली. मान वळवणं गोपिकेनं लिहिलं नव्हतं.

"बदलू का?" तिनं विचारलं. "पण नवं लिहायचं तर सांधे आधी त्या जुन्या उभं राहण्यावर न्यावे लागतात... हात पुन्हा वर जातील."

काकू मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली. ताट वाढून आणलं, दुरूनच जमिनीवर सरकवलं आणि मागं सरली. ओसरीवरच्या हातानं भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला.

गोपिकेनं ठरवलं की आता ते हात पुन्हा वर न्यायचे नाहीत, तिथं जेवत जो कोणी बसला असेल तो बसो.