लाखेच्या डब्यातले तांदूळ

साम्राज्ये तलवारीच्या बळावर उभी राहतात, असे इतिहासकार सांगतात. मार्च १८८२ मध्ये कर्जतला ब्रिटिश साम्राज्य एका लाखेच्या डब्यापाशी अडले होते. डब्यात मूठभर तांदूळ होते आणि एक सुपारी.

त्या तांदळापायी जैतू ठाकर चौकीत बसला होता. संध्याकाळी घाट उतरून येणाऱ्या आगगाडीने त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेणार होते.

त्याची बायको ठकी पहाटेच चालत निघून खालापूरला चित्र्यांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. चित्रे पूर्वी पोलिसात कारकून होते. वरिष्ठांच्या चुका सुवाच्य अक्षरात लिहिण्याच्या सवयीमुळे नोकरी गेली आणि ते खासगी तपास करू लागले. शेजारी शाळेचे मास्तर बसले होते. चित्र्यांच्या प्रत्येक प्रकरणात मास्तर सोबत असत आणि पहिल्याच संशयितावर खूश होत.

"ठाण्याला नेलेला मानूस आमच्या वाडीत परत आलेला नाय, रावसाब," ठकी म्हणाली. "माझा सासरा गेला, तो गेलाच."

"जैतूनं केलं काय?"

"काय नाय. आबाजीशेटच्या वखारीच्या दारात बसला व्हता. तेच त्येचं काम हाय."

"म्हणजे त्यानंच केलं असणार," मास्तर म्हणाले.

चित्र्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली. वाटभर ठकी एकच विचारत राहिली, गाडी यायला अजून वेळ आहे ना. चित्रे दर वेळी आहे म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हते.

आबाजीशेट चौक गावचा व्यापारी. माथेरानच्या साहेबलोकांना विकण्यासाठी त्याने चीनहून डबे मागवले होते. काळी लाख, वर सोनेरी बगळे, आत रेशमी अस्तर. जामीन देऊन त्याने माल कर्जतच्या वखारीत आणला, पण जकात ठरायची होती. डबा दुसऱ्या मालाचे वेष्टण म्हणून आला असेल तर त्याच्यावर वेगळी जकात नाही. शोभेची वस्तू म्हणून आला असेल तर आहे.

"चहा भरून आले होते हो," आबाजीशेट वखारीत भेटला तेव्हा म्हणाला. "चहा मुंबईतच विकला. डबे म्हणजे चहाची टरफलं."

"तुमच्याकडे चहा आहे आता?"

"दुकानात पेटीभर पडलाय. देऊ का थोडा?"

"नको. जकातीच्या साहेबांनी डबा पाहिला तेव्हा तो रिकामा होता?"

"अगदी. शोभेचा डबा, असं ठरवून मोकळे झाले. दुसऱ्या सकाळी पंचांसमोर उघडला, तर आत तांदूळ. साहेब म्हणाले, डबा भरलेला दाखवायला मीच जैतूकडून घालून घेतले. मी जामीन दिला म्हणून सुटलो. त्याला जामीन कोण देणार?"

"तुम्ही."

आबाजीशेटने वखारीच्या छपराकडे लक्षपूर्वक पाहिले.

डबा पुराव्यासाठी तसाच मेजावर ठेवला होता. चित्र्यांनी झाकण उचलले. काळ्या मुंग्यांची रांग तांदळाला वळसा घालून अस्तराच्या कोपऱ्यात शिरत होती. मास्तरांनी फुंकर मारली. "काय मेल्या, तांदूळसुद्धा सोडत नाहीत."

चित्र्यांनी झाकण लावले. वखारीची कौले जागच्या जागी होती, कुलूपही धड होते.

चौकीत जैतू गुडघ्यांत डोके घालून बसला होता. हवालदाराने दोन प्रश्नांची मुभा दिली.

"त्या दिवशी वखारीत कोण शिरलं, रं?" चित्र्यांनी विचारले.

"परका कोनी नाय आला, साब. परक्याला सोडलाच नसता."

"आणि परका नसलेला?"

"झाले दोन," हवालदार म्हणाला आणि दार ओढले.

जकातीच्या साहेबांचा मुंबईचा कारकून पोपटराव नदीवर धोतर धुताना सापडला. माणूस टापटिपीचा होता.

"साहेबांनी तपासल्यावर कुलूप मी लावलं आणि सकाळी मीच काढलं. किल्ली इथंच," त्याने जानव्याला बांधलेली किल्ली दाखवली. "आंघोळीलासुद्धा काढत नाही. मधल्या वेळात डबा जागचा हलला नाही."

"तुमचा मुक्काम?"

"जयवंताबाईंच्या खानावळीत. आमटी फार तिखट."

जयवंताबाईंची खानावळ स्टेशनाशेजारीच होती. मास्तरांना जेवल्याशिवाय न्याय सुचत नसे. बाईंचा नातू टक लावून बघू लागला, तेव्हा मास्तरांनी आपल्या पितळी डब्यातले लाडू त्याला देऊन टाकले.

"तुमी पन त्या कारकुनासारकेच," जयवंताबाई म्हणाल्या. "परवा पोरासाठी बत्तासे घेऊन आला. एवढा मोठा मुंबईचा मानूस."

"साहेबांच्या डब्याचं कळलं का तुम्हाला?" मास्तरांनी विचारले.

"तांदूळ निघाले म्हनं. चुलीपुढनं मला उठायला मिळतंय कुठं? बघायला नाय गेले."

त्यांनी मास्तरांचा डबा घासून परत दिला. बाहेर आल्यावर मास्तरांनी तो उघडला आणि थबकले. "यात गुळाचा खडा राहिलाय. बाई विसरभोळ्या दिसतात. परत देऊन येतो."

"नका देऊ," चित्रे म्हणाले. एवढ्यात घाटाकडून शिट्टी ऐकू आली आणि ठकी स्टेशनाकडे पळत सुटली.

फलाटावर जैतूच्या कमरेला दोरी होती आणि दोरीचे टोक हवालदाराच्या हातात होते. साहेब, पोपटराव, आबाजीशेट आणि पुराव्याचा डबा, सगळे हजर होते. चित्र्यांनी मास्तरांना खानावळीकडे पिटाळले आणि साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, आबाजीशेटना हा चहाचा डबा ठरवून घ्यायचा होता. दुकानात पेटीभर चहा असलेला माणूस खोटा पुरावा तयार करायला तांदूळ का घालील?"

साहेबांनी आबाजीशेटकडे पाहिले. आबाजीशेटला आपण निर्दोष असल्याचे प्रथमच पटलेले दिसले.

"तांदूळ घालणाऱ्याला जकातीची कल्पनाच नव्हती. मुंग्या तांदळाकडे वळल्या नाहीत, कोपऱ्यात गेल्या. तिथे साखरेचा चुरा आहे. तुमच्या तपासणीनंतर डब्यात आधी गोड काहीतरी आलं, मग ते संपलं आणि तांदूळ आले. कुलूप धड, कौलं धड. म्हणजे डबा दारातून बाहेर गेला आणि दारातूनच परत आला. जैतूने परक्याला सोडलं नाही. पण ज्याच्या जानव्याला किल्ली, तो परका कसा? त्याला अडवायचं नसतं, आणि त्याच्याबद्दल जैतूला कोणी विचारलंही नाही."

गाडी फलाटाला लागली. हवालदाराने दोरी ओढली.

"थांबा," साहेब म्हणाले.

"पोपटरावांनी बत्तासे या डब्यात घालून खानावळीत नेले. पानात बांधून नेले असते तरी पोराने खाल्लेच असते. पण मुंबईच्या माणसाला सोनेरी बगळ्यांतून द्यावेसे वाटले."

"हे कुभांड आहे," पोपटराव म्हणाला. त्याचा हात जानव्याकडे गेला होता.

मास्तर जयवंताबाईंना घेऊन धापा टाकत आले. बाईंनी डबा पाहिला. "ह्यो हितं कसा? बत्ताशांचा डबा हाय ह्यो."

"तांदूळ तुम्ही घातले?"

"मग काय रिकामा देऊ? दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायची रीत नाय आमच्यात."

"आणि सुपारी?"

"कारकुनाचं लगीन व्हायचंय म्हनाला. शकुनाला घातली."

पोपटराव खाली बघत म्हणाला, "मी उघडून पाहिला नाही. सकाळी तांदूळ दिसले आणि... नोकरी गेली असती."

"आनि ह्यो गेला असता तर?" ठकीने विचारले. उत्तराची वाट न पाहता तिने जैतूच्या कमरेची गाठ सोडायला घेतली. हवालदाराने साहेबांकडे पाहिले आणि दोरीचे टोक सोडून दिले. गाडी जैतूशिवाय ठाण्याकडे निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत जैतू बायकोचा दंड धरून उभा होता.

साहेबांपुढे मात्र मूळ प्रश्न शिल्लकच होता. डबा वेष्टणाचा की शोभेचा? त्यांनी दुपारीच मुंबईला तारेने विचारले होते. स्टेशनमास्तर उत्तर घेऊन आले.

आयात मालावरची जकात सरकारने त्या महिन्याच्या दहा तारखेलाच उठवली होती. आता जकात चहावर उरली नव्हती आणि डब्यांवरही उरली नव्हती.